राज्याचा सातबारा आईच्या नावाने : हवाईच्या उमिची नातीगोती, सोप्या भाषेत

होनोलुलुमध्ये न्यायालयाच्या जुन्या इमारतीसमोर हवाईची सगळी बेटं एका राज्यात आणणाऱ्या राजा कामेहामेहाचा पुतळा आहे. काळा देह, सोनेरी झगा, डोक्यावर उंच टोप, एक हात पुढे केलेला. हवाईला जाऊन आलेल्या बहुतेकांच्या फोनमध्ये त्याचा फोटो असतो. पण पुतळ्याच्या अंगाभोवती वेढून पुढे लोंबणाऱ्या पट्ट्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. मला सुरुवात त्या पट्ट्यापासूनच करायची आहे.

खरा पट्टा आजही आहे, त्याच शहरातल्या बिशप संग्रहालयात. जाळीवर पिसांचे बारीक जुडगे बांधून तो केलेला आहे. तांबडी पिसं इइवी नावाच्या पक्ष्याची, पिवळी ओओ नावाच्या पक्ष्याची. टोकाशी माणसांच्या दातांच्या ओळी शिवलेल्या आहेत. हा पट्टा कामेहामेहासाठी विणलेला नव्हता. परंपरा सांगते, की तो लिलोआ नावाच्या सरदाराचा. लिलोआ साधारण १५ व्या शतकातला, तर कामेहामेहा वारला १८१९ मध्ये. मधल्या तीनशेहून अधिक वर्षांत पट्टा हातोहात पुढे आला आणि ज्याच्या हाती आला तो कुणाचा कोण, हे सांगणारे लोक दर पिढीत होते.

लिलोआ ते कामेहामेहा हा तक्ता मी कागदावर काढायला बसले, तेव्हा दहा मिनिटांत हात टेकले. आपल्या डोक्यात वंशावळ म्हणजे वडाचं झाड: वर एक मूळपुरुष, खाली फांद्या. इथे फांद्या खाली जाऊन पुन्हा एकमेकींत शिरतात. एकच बाई एका रेघेत बहीण, दुसऱ्या रेघेत बायको. एका मुलाला दोन बाप, तेही उघडपणे, अभिमानाने. इंटरनेटवर हवाईच्या राजघराण्याचे तक्ते पाहणाऱ्यांचा गोंधळ होतो तो इथेच. पण त्या गुंत्यामागे पक्का हिशेब आहे. तो समजायला पन्नास नावांची गरज नाही, एका माणसाची गोष्ट पुरते. तो माणूस म्हणजे लिलोआचा धाकटा मुलगा, उमि.

## नावातच बापाचं नाव

त्याचं पूर्ण नाव उमि-आ-लिलोआ. मधला 'आ' म्हणजे 'चा'. लिलोआचा उमि. आपण शाळेच्या दाखल्यावर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव लावतो, तसंच हे. उमिच्या आईचं नाव अकाही-आ-कुलेआना, आणि त्याच्या मुलाचं नाव केआवेनुइ-आ-उमि. नाव उच्चारलं की एक पिढी आपोआप उलगडते.

दोनच शब्द आधी सांगून ठेवते. 'अलिइ' म्हणजे सत्ताधारी सरदारवर्ग. आणि 'मोओकूआउहाउ' म्हणजे एकामागून एक ओवलेली वंशपरंपरा. यापुढे मी सरळ 'सरदार' आणि 'वंशावळ' असं म्हणेन.

या वंशावळीची मांडणी पाहण्यासारखी आहे. १९ व्या शतकात हवाईच्याच लेखकांनी ती कागदावर उतरवली, तेव्हा पानावर तीन रकाने पाडले: पुरुष, स्त्री, मूल. प्रत्येक ओळीत तिघंही. आमच्या घरी जपलेल्या वंशावळीत पणजोबांच्या नावापुढे 'प्र. भा.' आणि 'द्वि. भा.' एवढंच लिहिलंय, प्रथम भार्या आणि द्वितीय भार्या. दोघींपैकी माझी पणजी कोणती, हे मला आजीला विचारावं लागलं होतं. हवाईच्या तक्त्यात हा प्रश्न पडूच शकत नाही, कारण आईचं नाव गाळलं तर ओळच निरर्थक ठरते. असं का, ते पुढच्या भागात.

## दोन कासंड्यांचं दूध

हवाईत सरदाराचा दर्जा बाप आणि आई दोघांकडून ठरायचा. दोन कासंड्यांतलं दूध एका घागरीत ओतलं आणि त्यातलं एक पाणचट असलं, की सगळंच पातळ होतं. त्याचप्रमाणे बाप कितीही मोठा असला तरी आई खालच्या दर्जाची असेल, तर मुलगा बापापेक्षा खालचा. आई बापापेक्षा वरच्या दर्जाची असेल, तर मुलगा जन्मतःच बापाच्या वर. एकाच बापाची चार मुलं चार दर्जांची असू शकत, कारण आया चार.

दर्जा ही नुसती मानाची बाब नव्हती. वंशातून देवांपर्यंत पोचणारं एक सामर्थ्य अंगात असतं, अशी श्रद्धा होती. ते जितकं जास्त, तितके त्या माणसाभोवतीचे निर्बंध कडक. या निर्बंधांना 'कापू' म्हणत. आपल्या आजीच्या सोवळ्याची आठवण काढा: काय शिवायचं, कुणासमोर कसं वागायचं, कुणी कुणाबरोबर जेवायचं. फरक इतकाच, की तिथे सोवळं मोडण्याची शिक्षा मरण असू शकत होती. सर्वोच्च दर्जाच्या सरदारासमोर बाकीच्यांनी जमिनीवर पालथं पडायचं, असा नियम होता.

म्हणून वंशावळ हा इतिहासाचा विषय कमी आणि मालकीचा कागद जास्त. आपल्याकडे जमिनीचा वाद लागला की पहिला प्रश्न 'सातबारा कुणाच्या नावावर?' तिथला पहिला प्रश्न 'तुझी आई कोण?'

## उमि भिंत चढून आत येतो

लिलोआची राजधानी होती हवाई बेटावरच्या वाइपिओ खोऱ्यात (सगळ्या बेटसमूहाचं नाव हवाई, आणि त्यातल्या एका बेटाचंही). बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावरची ही खोल दरी. दोन्ही बाजूंना उभे कडे, मधून नदी, तळाशी अळूची खाचरं. हे अळू म्हणजे आपलंच अळू, त्याच जातीचं. आपण वडीसाठी पानं खुडतो, ते कंद उकडून, कुटून त्याचं 'पोइ' करतात. हे अळू लेखात पुन्हा येणार आहे.

लिलोआची मुख्य राणी पिनेआ, अगदी जवळच्या नात्यातली, उच्च कुळातली. तिचा मुलगा हाकाउ, आणि मुलगी कापुकिनी. एकदा लिलोआ एका देवस्थानाच्या विधीसाठी हामाकुआ नावाच्या भागाकडे गेला असताना त्याला ओढ्यावर अकाही भेटली. ती साध्या घरातली. निघताना त्याने तिच्याकडे तीन वस्तू ठेवल्या: आपला लंगोट, व्हेलच्या दाताचं पदक ओवलेला गळ्यातला हार, आणि दंडुका. मुलगा झाला तर नाव उमि ठेव आणि मोठा झाला की या खुणा देऊन माझ्याकडे पाठव, असं सांगितलं. स्वतः परतला तो पानांचा लंगोट गुंडाळून, आणि सोबतचे लोक पाहतच राहिले.

गळ्यातल्या हारावर थोडं थांबू. हुकासारखं वळवलेलं, जिभेसारखं पुढे आलेलं ते दाताचं पदक माणसाच्या केसांच्या शेकडो बारीक वेण्यांना बांधलेलं असे. ते घालायचा हक्क फक्त सरदारांना. म्हणजे लिलोआने तरुणीला दागिना दिला नव्हता, मुलाचा दाखला देऊन ठेवला होता.

मुलगा वाढला आईच्या नवऱ्याच्या घरी. मोठा झाल्यावर अकाहीने त्याला खुणा दिल्या आणि वाट सांगितली: नदी ओलांड, दारातून जाऊ नकोस, कुंपणाची भिंत चढून आत उतर, म्हातारा सरदार बसला असेल त्याच्या थेट मांडीवर जाऊन बस. परक्या पोराने राजाच्या आवारात असं शिरणं म्हणजे मृत्यूला आमंत्रण. दरबारातले पहारेकरी मागे धावले. पण मुलगा मांडीवर बसला होता, आणि लिलोआच्या डोळ्यांसमोर त्याचा स्वतःचाच लंगोट होता. नाव विचारलं, उत्तर आलं, 'उमि'. लिलोआने त्याला जवळ घेतलं आणि नाळ कापण्याचा विधी देवस्थानात सरदाराच्या मुलासारखा पुन्हा करवला.

मला यातली भिंत फार अर्थपूर्ण वाटते. दारातून येण्याचा हक्क आईच्या दर्जामुळे उमिला नव्हता. आणि दारातून न येता आत कसं यायचं, हे सांगणारीही आईच होती.

लिलोआने मरताना वाटणी केली. जमीन आणि राज्य हाकाउला. युद्धदेवता कूकाइलिमोकु आणि देवस्थानांची व्यवस्था उमिला. वरवर पाहता थोरल्याला सगळं आणि धाकट्याला देव्हारा. पण युद्धदेवता ज्याच्याकडे, त्याला लढाईचा धार्मिक अधिकार. हाकाउने उमिचा छळ मांडला, हिणकस आईचा म्हणून हिणवलं. उमि पळाला आणि वाइपुनालेइ भागात सामान्य माणसासारखा शेती आणि मासेमारी करत राहिला. पुढे हाकाउच्या अपमानाने दुखावलेले दोन म्हातारे पुजारी उमिला येऊन मिळाले. हाकाउभोवती माणसं कमी असताना उमिची माणसं नजराण्याची गाठोडी घेऊन वाइपिओत उतरली. गाठोड्यांत दगड होते. हाकाउ मारला गेला आणि त्याचा देह वेदीवर अर्पण झाला.

## मग राज्य मिळालं, दर्जाचं काय?

इथे पहिली खरी शंका येते. तलवारीने राज्य मिळालं की झालं, वंशावळीचं अडलंय कुठे?

अडलं होतं पुढच्या पिढीत. राज्य उमिकडे आलं तरी त्याच्या आईचा दर्जा बदलला नव्हता. त्याने साध्या घरातल्या बाईशी संसार केला असता, तर त्याच्या मुलांसमोर बेटावरचे उच्च कुळातले सरदार मान तुकवणार नव्हते. म्हणून त्याने जे केलं ते आपल्याला दचकवणारं आहे. त्याने कापुकिनीशी लग्न केलं. कापुकिनी म्हणजे लिलोआ आणि पिनेआची मुलगी, मारल्या गेलेल्या हाकाउची सख्खी बहीण आणि उमिची सावत्र बहीण. तिच्या पोटी आलेल्या मुलांमध्ये पिनेआचं उच्च रक्त उतरलं. उमिच्या वाट्याला आलेली कमतरता एका पिढीत भरून निघाली. यातलाच केआवेनुइ पुढे राज्यावर आला.

दुसरं लग्न त्याने समुद्रापलीकडे केलं. माउइ बेटाचा मोठा सरदार पिइलानी, त्याची मुलगी पिइकेआ. या सोयरिकीमुळे पुढे मेहुण्यांच्या भांडणात उमि माउइवर सैन्य घेऊन गेला आणि धाकट्या मेहुण्याला गादीवर बसवलं. त्याच्या इतरही बायका होत्या. प्रत्येक लग्न म्हणजे एकेका घराण्याशी बांधलेली दोरी.

आणखी एक बारीक गोष्ट. परंपरेत अकाहीचीही एक वंशावळ सांगितली जाते. त्या वंशावळीनुसार तिचा वंश कित्येक पिढ्या मागे कानिपाहु नावाच्या सरदाराला जाऊन मिळतो आणि लिलोआचा मूळपुरुषही तोच. म्हणजे ती अगदीच परकी नव्हती, खाली घसरलेल्या पातीतली होती. हे आधीपासून लोकांच्या तोंडी होतं, की मुलगा राजा झाल्यावर कुणीतरी शोधून काढलं? माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. सत्ता आली की पूर्वज सापडतात, हे जगात सगळीकडे घडलंय.

## बहिणीशी लग्न? हे सगळीकडे चालायचं का?

नाही. ही मोकळीक नव्हती, ते फक्त अगदी वरच्या सरदारांचं ओझं होतं. सामान्य प्रजेत भावाबहिणीचं लग्न मान्य नव्हतं. राजघराण्यातही प्रत्येक लग्न असं नसे. पहिलं, वारस देणारं लग्न असं करायचं, बाकीच्यांत बरीच मोकळीक.

यातल्या सर्वोच्च दर्जाचं नाव आहे 'नीआउपिओ'. कोकणातल्या माणसाला हा शब्द लगेच कळेल. 'नीआउ' म्हणजे नारळाच्या पातीतला हीर, ज्याचा आपण खराटा बांधतो. 'पिओ' म्हणजे वाकून झालेली कमान. हीर हातात घेऊन वाकवा, त्याचं टोक परत बुंध्याशी येईल. वंशाची रेघ बाहेर न जाता वळून स्वतःलाच मिळाली, ती ही कमान. सख्ख्या भावाबहिणीच्या लग्नाला 'पिओ' म्हणत, आणि सावत्र भावंडं किंवा काका-पुतणी अशा लग्नातून आलेल्या दर्जाला 'नाहा'.

याला पुराणकथेचा आधार होता. आकाशपिता वाकेआने आपलीच मुलगी होओहोकुकालानी हिच्याशी संबंध ठेवला. पहिलं मूल मृत जन्मलं. ते पुरलं, आणि तिथून अळूचं रोप उगवलं. दुसरं मूल माणूस म्हणून वाढलं. त्याचं नाव हालोआ, सगळ्या हवाईयन लोकांचा पूर्वज. म्हणजे अळू हा माणसाचा थोरला भाऊ. तो पोसतो आणि माणसाने त्याची निगा राखायची. कुटुंबाला तिथे 'ओहाना' म्हणतात, आणि त्याचं मूळ 'ओहा' या शब्दात आहे: अळूच्या मुख्य कंदाला बाजूने फुटणारे कोंब. घरामागे अळू लावलेल्या कुणालाही हे चित्र दिसेल. एक कंद उपटायला जावं तर चार पिल्लं सोबत येतात.

ही प्रथा शेवटी ज्यांच्यावर कोसळली त्यांच्याबद्दल वाईट वाटल्याशिवाय राहत नाही. कामेहामेहाची मुलगी नाहिएनाएना, आणि तिचा सख्खा भाऊ काउइकेआओउली, जो पुढे कामेहामेहा तिसरा झाला. जुन्या सरदारांच्या मते या दोघांचं लग्न हाच राज्याचा आधार. नव्याने आलेल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या मते ते घोर पाप. मुलगी दोन्हीकडे ओढली गेली. १८३६ मध्ये तिला मूल झालं, ते काही तासच जगलं. त्याच वर्षाच्या अखेरीस ती गेली, वयाच्या २१ व्या वर्षी.

## काका नाही, मामा नाही, सगळेच बाबा

तक्ता वाचताना आणखी एक खड्डा लागतो, तो भाषेचा. मराठीत काका, मामा, आत्या, मावशी असे वेगवेगळे शब्द आहेत आणि भावंडंही चुलत, मामे, आते, मावस. हवाईच्या भाषेत आईबापांच्या पिढीतल्या सगळ्यांना एकच शब्द, 'माकुआ'. बाप, काका, मामा, सगळे पुरुष माकुआ. आई, मावशी, आत्या, सगळ्या स्त्रिया माकुआ. आजीआजोबांची पिढी 'कुपुना', नातवंडांची 'मोओपुना'. १९ व्या शतकात लुइस हेन्री मॉर्गन या अमेरिकन अभ्यासकाने जगातल्या नात्यांच्या पद्धतींचं वर्गीकरण केलं, त्यात ही पद्धतही होती. पुढे तिला 'हवाईयन पद्धत' असंच नाव पडलं.

पण भावंडांत मात्र ही भाषा भलतीच काटेकोर आहे. भावाने भावाबद्दल किंवा बहिणीने बहिणीबद्दल बोलताना थोरलं की धाकटं, हे शब्दातच सांगावं लागतं. आणि थोरलेपण वयावर नाही, पातीवर ठरतं: थोरल्या भावाचा मुलगा वयाने लहान असला तरी धाकट्या भावाच्या मुलाचा तो 'थोरला'. आपल्याकडे देवासच्या पवारांच्या थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या होत्या. हवाईत जवळजवळ प्रत्येक घरात हा हिशेब चाले.

## दोन बाप, आणि त्याचा मान

मुलाचा बाप दोघांपैकी कोण याची खात्री नसेल, तर आपल्याकडे ती कुजबुज होते. हवाईच्या सरदारांत त्याला नाव होतं, 'पोओलुआ', म्हणजे दोन डोकी. दोन्ही पुरुष मुलाला आपलं म्हणत आणि मुलाला दोन्ही घराण्यांचा आधार मिळे. कामेहामेहाचं तेच. त्याचा बाप केओउआ, हवाई बेटाचा. पण माउइचा बलाढ्य राजा काहेकिली हाच खरा बाप, असंही उघड बोललं जाई. याने कामेहामेहाची बदनामी झाली नाही. दोन बेटांवर त्याचं नातं झालं.

शिवाय मूल जन्मदात्यांनीच वाढवावं असंही नव्हतं. आजीआजोबा किंवा जवळचे आप्त मूल मागून घेत. त्याला 'हानाइ' म्हणतात. म्हणून एका माणसाचे जन्मदाते, दुसरे दावेदार आणि पालक अशी चारपाच नावं सापडली, तर तक्ता चुकलाय असं समजू नका.

## लिहिलेलं नव्हतं, मग खरं कशावरून?

रास्त शंका. १८२० च्या दशकात मिशनऱ्यांनी लिपी बसवेपर्यंत हवाईत लेखन नव्हतं. उमिची गोष्ट कागदावर आली ती डेव्हिड मालो आणि सॅम्युएल कामाकाउ यांच्यासारख्या हवाईयन लेखकांमुळे, १९ व्या शतकात.

पण पाठांतराला कमी लेखू नका. कोल्हापूर-सांगलीकडे नंदी घेऊन येणारे हेळवी घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतात, हे अनेकांनी ऐकलं असेल. हवाईत असे वंशपाठक प्रत्येक मोठ्या सरदाराच्या पदरी असत. 'कुमुलिपो' हे स्तोत्र याचा कळस. दोन हजारांहून अधिक ओळी. सुरुवात अंधारातून, मग समुद्रातला प्रवाळकीटक, शिंपले, मासे, पक्षी, मग देव, मग माणसं. हे रचलं गेलं साधारण १७०० च्या सुमारास, उमिच्याच वंशातल्या एका राजपुत्राच्या जन्मानिमित्त. म्हणजे प्रवाळापासून पाळण्यापर्यंत एकच वंशावळ. राजा कालाकाउआने ते १८८९ मध्ये छापलं. १८८१ च्या जगप्रवासात मुंबईला येऊन गेलेला तो हाच राजा. त्याची बहीण लिलिउओकालानी हिने सत्ता गेल्यानंतर त्याचं भाषांतर केलं, ते १८९७ मध्ये प्रसिद्ध झालं.

पडताळणीची एक वाट खुद्द लग्नांमुळे तयार झाली. पिइकेआ माउइची मुलगी, म्हणून तिचं नाव माउइच्या पाठकांकडेही आहे आणि हवाई बेटाच्या पाठकांकडेही. दोन वेगळ्या बेटांवरच्या, अनेकदा शत्रू असलेल्या घराण्यांच्या वंशावळी अशा ठिकाणी जुळल्या, की त्या सांध्यावर विश्वास ठेवता येतो. उमिच्या जवळपासच्या पिढ्या बऱ्याच पक्क्या वाटतात त्या यामुळे. तारखा मात्र पिढ्या मोजून काढलेल्या आहेत, त्यामुळे दोनपाच दशकं इकडेतिकडे धरूनच चालावं.

आणि हेतू? वंशावळ हा मालकीचा कागद होता, तेव्हा खाडाखोड होणारच. परंपरेनुसार सामान्य प्रजेला आजोबांपलीकडची वंशावळ जपायची मुभाच नव्हती. ज्यांचे पूर्वज पुसले गेले, त्यांची बाजू या पाठांतरात नाही. हे मला या सगळ्या भव्य परंपरेतलं सर्वांत मोठं रितेपण वाटतं.

## उमिची गोष्ट पुन्हा घडते

आता पुतळ्याकडे परत येऊ. उमिपासून केआवेनुइ, आणि तिथून पुढे जाणाऱ्या रेघेत लागोपाठ दोन स्त्रिया सत्तेवर दिसतात: केआकामाहाना आणि तिची मुलगी केआकेआलानी. कामेहामेहाचा वंश या मायलेकींतून खाली येतो. फक्त पुरुषांची वंशावळ काढायला गेलं तर पट्ट्याची वाट इथेच तुटते.

कामेहामेहाचा काका कलानिओपुउ, म्हणजे ज्याला ओलीस न्यायच्या प्रयत्नात १७७९ मध्ये कॅप्टन कुक मारला गेला तो राजा. त्याने वाटणी कशी केली पाहा. राज्य मुलगा किवालाओला, युद्धदेवता पुतण्या कामेहामेहाला. देवता तीच, कूकाइलिमोकु. १७८२ मध्ये मोकुओहाइला या दोघांच्या लढाईत किवालाओ पडला. आणि कामेहामेहाने पुढे किवालाओच्याच मुलीशी लग्न केलं.

ती केओपुओलानी. तिचे आईबाप सावत्र भाऊबहीण, म्हणून तिचा दर्जा नवऱ्यापेक्षा कितीतरी वर. तिची आई बापाकडून कामेहामेहाचीही सावत्र बहीण होती. त्या काळच्या आठवणी सांगतात, की तरुणपणी ती फक्त संध्याकाळी बाहेर पडे आणि तिला पाहताच लोक जमिनीवर पडत. बेटं जिंकणारा कामेहामेहाही तिच्यासमोर अंगावरचं वस्त्र उतरवून येई, असं परंपरा सांगते. तिच्या मुलांना तो 'नातवंडं' म्हणे, असंही सांगतात. आता तुम्हाला याचा हिशेब लावता येईल: बहिणीची मुलगी म्हणजे मुलगीच, मग तिची मुलं नातवंडं.

१८१९ मध्ये कामेहामेहा वारल्यावर याच बाईने धाकट्या मुलाबरोबर बसून जेवण केलं. स्त्री-पुरुषांनी एकत्र जेवायचं नाही, हा कापूचा पाया होता. काही महिन्यांत तिचा थोरला मुलगा, नवा राजा लिहोलिहो, यानेही तो मोडला आणि सगळी व्यवस्था ढासळली. ज्या नियमांनी तिला सर्वांच्या वर बसवलं होतं, तेच तिने मोडले. आणि ते मोडायचा अधिकार असेल तर तिलाच होता.

दोन्ही गोष्टींत इतकं साम्य कसं? उमिची कथा लिहून ठेवणारे लेखक कामेहामेहाच्या नंतरचे. जुन्या गोष्टीला नव्या राजाचा आकार थोडाफार आला असेल, असं मला वाटतं. उलट, कलानिओपुउनेही उमिची गोष्ट ऐकूनच वाटणी केली असेल. दोन्ही शक्य आहे.

## आज कुणाला याचं काय?

१८९३ मध्ये राणी लिलिउओकालानीची सत्ता उलथवली गेली, १८९८ मध्ये बेटं अमेरिकेत गेली. १९२१ मध्ये अमेरिकन काँग्रेसने मूळ हवाईयन लोकांसाठी सुमारे दोन लाख एकर जमीन राखून ठेवणारा कायदा केला. ९९ वर्षांचा भाडेपट्टा, वर्षाला एक डॉलर. मुख्य अट: अर्जदाराचं किमान ५० टक्के रक्त हवाईयन हवं. भाडेपट्टेदाराच्या मुलाला किंवा जोडीदाराला वारस व्हायचं असेल तर पुढे ही अट २५ टक्क्यांवर आली. मूळ हवाईयन लोकांच्या हितासाठी असलेल्या 'हवाईयन कारभार कार्यालय' या सरकारी संस्थेचे विश्वस्त निवडायचा मताधिकार फक्त मूळ वंशाच्या लोकांना ठेवला होता, तो २००० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला.

इथे दोन हिशेब एकमेकांवर आदळतात. टक्केवारीच्या हिशेबात दर लग्नाबरोबर भागाकार होतो: अर्धा, पाव, अष्टमांश, आणि शेवटी माणूस यादीतून बाहेर. वंशावळीच्या हिशेबात बेरीज होते. पिइकेआ आली तेव्हा उमिचं घराणं निम्मं झालं नाही, माउइपर्यंत पोचलं. ५० टक्क्यांचा पुरावा म्हणून जन्मदाखले गोळा करणाऱ्या कुटुंबांना हा फरक रोज भोगावा लागतो. आईबाप भाडेपट्ट्याच्या जमिनीवर राहतात, मुलं किंवा नातवंडं अटीत बसत नाहीत. सरकारी रकान्यात एक आकडा लागतो. त्यांच्या आजीकडे आकडा नाही, ओळी आहेत.

त्या ओळी आजही म्हटल्या जातात, हुला हे पारंपरिक नृत्य शिकवणाऱ्या शाळांत, लग्नात, सभेत स्वतःची ओळख करून देताना. साचा तोच जुना, तीन रकान्यांचा. उमिची ओळ मराठीत साधारण अशी होईल: लिलोआ हा पुरुष, अकाही-आ-कुलेआना ही स्त्री, त्यांना झाला उमि.